दाजींचा पोपटी गणवेश

गंगाधर शेठ तसे कुणाला भिणारे नव्हते. निफाडकडची द्राक्षबाग भावाच्या हवाली करून ते नाशकात आले, अंबडच्या एमआयडीसीत एक शेड भाड्यानं घेतली आणि बघता बघता वाइनरीवाल्यांना लागतात तसल्या स्टीलच्या मोठाल्या टाक्या बनवू लागले. साहेब लोक येवोत, गिऱ्हाईक तणतणो, शेठ शांत. पण अधिक महिना लागला की त्यांचा धीर सुटायचा. अधिक महिन्यात जावई म्हणजे विष्णू, आणि विष्णूला नाही म्हणायचं नाही, असं गोदावरीबाईंनी लेकीच्या लग्नातच त्यांना बजावून ठेवलं होतं.

जावई विश्वेश मनमाडचा. शाळांचे गणवेश शिवायचा त्याचा धंदा होता आणि तो धंदा त्याला खरोखर कळत होता. घसरगुंडीवर घासूनही न फाटणारी चड्डी, शाईचा डाग धरत नाही असा शर्ट, धुवा आणि वाळवा, इस्त्रीची गरज नाही. माणूस गोड होता, फक्त एकदा एखादी गोष्ट डोक्यात शिरली की ती बाहेर काढायला कुणाकडे अवजार नव्हतं.

"मामा, यंदा धोंड्याला मला काही नको," तो म्हणाला. "उलट मीच तुम्हाला देतो. तुमच्या सगळ्या कामगारांना गणवेश. एकसारखे, टिकाऊ. वर्कशॉप कसं कंपनीसारखं दिसेल."

"अहो, आमचं काम घाणीचं," शेठ म्हणाले. "ग्रीस, काजळी, ठिणग्या..."

"म्हणूनच तर!" विश्वेश म्हणाला, आणि आतून गोदावरीबाईंचा खाकरण्याचा आवाज आला. शेठनी मान डोलावली.

आठवडाभरात नमुन्याचा एक जोड आला. रंग पोपटी, पण कुठल्याही पोपटाला लाज वाटेल असा. छातीवर नारिंगी पट्टा, पाठीवर शेठचं नाव, पॅंटच्या पायाशी बाहेरून घेतलेली रुंद दुमड, आणि कंबरेला मागे-पुढे उघडे खिसे. कापड गुळगुळीत टेरिकॉट.

वर्कशॉपमध्ये सगळ्यात आधी तो हातात घेतला मैनानं. मैना पेठ तालुक्याकडची. आयटीआय करून ती वेल्डर झाली होती आणि शेठच्या टाक्यांचे सगळ्यात सरळ जोड तिच्याच हातचे असत. तिचे कामाचे कपडे म्हणजे बापाची जुनी खाकी पॅंट. बाप जंगल खात्यात मजुरीला होता, ती पॅंट करवंदीच्या जाळीतून वर्षानुवर्षं फिरलेली होती आणि अजून धड होती. वर गळ्यापर्यंत बटणं लावलेला जाड सुती शर्ट, आणि वेणी शर्टाच्या आत. तिनं तो पोपटी कपडा दोन बोटांत चोळला, दुमडीत बोट घालून बघितलं आणि सोमनाथकडे पाहिलं.

सोमनाथ तिच्याबरोबर काम करायचा. वयानं मोठा, बोलण्यात सावकाश. तो म्हणाला, "दुमड चांगली हाय. लोखंडाचा थेंब खाली पडायचा, तो आता इथं मुक्कामाला राहील."

"आणि कापड पेटलं नाय तरी वितळल," मैना म्हणाली. "कातडीला चिकटलं का मग काढता येनार नाय."

दोघं शेठकडे गेली. शेठनी सगळं ऐकून घेतलं, दार लोटलं आणि हळू आवाजात म्हणाले, "मला काय कळत नाही होय? मी पण वेल्डिंग केलंय. पण अधिक महिना आहे बाई. अमावस्येपर्यंत काहीतरी करून ढकला. मग बघू."

"म्हंजे घालायचं नाय, पण नाय म्हनायचं पण नाय?"

"अगदी बरोबर," शेठ म्हणाले. "कसं ते तुम्ही बघा. मी काही ऐकलं नाही."

शेठनी अशी मोकळीक दिल्यावर मैनाच्या डोळ्यांत जी चमक आली ती बघून सोमनाथला थोडी काळजी वाटली.

त्याच आठवड्यात विंचूरच्या एका वाइनरीच्या यशश्री मॅडम तयार टाकी तपासायला येणार होत्या. त्यांना टाकी पसंत पडली तर पुढचं मोठं काम मिळणार होतं. विश्वेशनं ठरवलं की त्या यायच्या आधी गणवेशातला एक झकास फोटो काढायचा आणि दारावर फलक लावायचा. तो सकाळीच गाडी घेऊन हजर झाला.

"चला, कोण घालतंय?"

सोमनाथनं शर्ट अंगाला लावून दाखवला. तो त्याच्या गुडघ्याला टेकत होता. "दाजी, मी यात हरवून जाईन," तो म्हणाला. शेठच्या लेकीचा नवरा, म्हणून सगळे कामगार विश्वेशला दाजीच म्हणत.

मैनानं पॅंट कंबरेला धरली. "यात मी आणि माझी आत्या, दोघी मावू. कुनाचं माप घेतलं होतं, दाजी?"

विश्वेश जरा लाजला. नमुना त्यानं स्वतःच्याच मापाचा शिवला होता.

"मंग झालं की!" मैना म्हणाली. "तुमालाच शोभंल. फोटोत रुबाबदार मानूस पायजे. आमी काय, काजळीची भुतं."

रुबाबदार हा शब्द विश्वेशच्या बरोबर जिव्हारी लागला, म्हणजे चांगल्या अर्थानं. तो गाडीत जाऊन कपडे बदलून आला. त्याची स्वतःची पॅंट गाडीच्या मागच्या सीटवर राहिली. तेवढ्यात यशश्री मॅडमचा फोन आला की त्या हायवेवर रस्ता चुकल्या आहेत. शेठनी जावयाचीच गाडी काढली आणि त्यांना आणायला गेले.

फोटोची जुळणी विश्वेशनं स्वतः सांगितली. आपण हाताची घडी घालून पुढे उभं राहणार. मागे मैना ग्राइंडरनं लोखंडी चौकट घासणार, ठिणग्यांची कारंजी उडणार. सोमनाथ मोबाइलवर फोटो काढणार.

"मी सांगेपर्यंत थांबायचं नाही, एकामागून एक काढत राहायचे," त्यानं सोमनाथला बजावलं.

मैना लांब जाऊन उभी राहिली. "दाजी, इथून बरं हाय. याहून जवळ नको, कापड—"

"अगं, तिथून ठिणग्या आगपेटीच्या वाटतायत! जवळ ये."

ती थोडी पुढे आली. "कापड धोक्याचं हाय, दाजी. मी सांगून ठेवते."

"टेरिकॉट आहे मैना. पोरं सहा-सहा वर्षं घालतात. अजून जवळ ये. ठिणग्या माझ्या दोन्ही बाजूंनी दिसल्या पाहिजेत."

मैनानं सांगायचं ते दोनदा सांगून झालं होतं. तिनं सोमनाथला डोळ्यानं पाण्याची बादली दाखवली, त्यानं ती पायाशी ओढून घेतली. मग तिनं चेहऱ्यावर काच ओढली आणि दाजींच्या हुकमाप्रमाणे ग्राइंडर लावला.

फोटो म्हणून पाहिलं तर दृश्य अप्रतिम होतं. विश्वेशच्या खांद्यांमागून सोनेरी पिसारा फुलला. त्यानं हनुवटी वर केली. सोमनाथ मन लावून बटण दाबत राहिला. मग विश्वेशच्या चेहऱ्यावर एक विचार आला, जसा मुंगी चावल्यावर येतो. मग बहुधा मुंग्यांचं वारूळच आलं. त्यानं एक पाय उचलला. फोटो निघाला. त्यानं दुसरा पाय उचलला. तोही निघाला. मागचा उघडा खिसा ठिणग्यांनी भरून धुमसायला लागला होता आणि तिथून एक छोटीशी निळसर ज्योत डोकावली.

"सोमनाथ भाऊ, पानी!"

बादली विश्वेशवर रिकामी झाली. ग्राइंडर थांबला. वर्कशॉपमध्ये जळक्या प्लास्टिकचा वास पसरला, आणि विश्वेश दोन्ही हात मागे नेऊन चाचपत गोल गोल फिरू लागला.

"भाजलं का, दाजी?" मैनानं घाबरून विचारलं. मजा करायची तिची तयारी होती, पण कुणाला इजा व्हावी असं तिच्या मनात नव्हतं.

"नाही... फक्त चटके... पण मागे काय झालंय?"

मैना मागे गेली आणि लगेच तोंड फिरवून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. उत्तर सोमनाथनं दिलं. "दाजी, खिडकी पडलीय. चांगली ऐसपैस. आतल्या निळ्या-पांढऱ्या पट्ट्या दिसतायत."

नेमका त्याच वेळी फाटकात गाडीचा हॉर्न वाजला. शेठ मॅडमना घेऊन आले होते.

विश्वेशनं इकडेतिकडे पाहिलं. त्याची पॅंट गाडीत, गाडी फाटकात, आणि गाडीपुढे यशश्री मॅडम. त्याला पहिली जी उभी वस्तू दिसली तिला त्यानं पाठ लावली. ती होती तपासणीसाठी मांडलेली नवी टाकी.

यशश्री मॅडम चाळिशीतल्या, चष्मा लावणाऱ्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी ओल्या फरशीकडे पाहिलं, पोपटी माणसाकडे पाहिलं.

"हे आमचे जावई," शेठ म्हणाले. विश्वेशच्या कपड्यांतून पाणी का गळतंय हे त्यांना कळेना, पण अधिक महिन्यात विचारायचीही सोय नव्हती. "विश्वेश, मॅडमना टाकी दाखवा ना."

"ही टाकी," विश्वेश न हलता म्हणाला.

"ते कळलं," मॅडम म्हणाल्या. "मागून बघू या का?"

"मागून... पण अशीच आहे. पुढच्यासारखीच."

शेठनी भुवया उंचावल्या. मैनाला आता त्याची दया आली. तिनं वेल्डिंग करताना तोंडापुढे धरायची ढाल उचलली आणि गुपचूप विश्वेशच्या हातात सरकवली. त्यानं ती मागे धरली आणि खेकड्यासारखा आडवा चालत तो टाकीला वळसा घालू लागला. दुर्दैवानं त्या ढालीला मधोमध बघायला एक चौकोनी काच असते. म्हणून मैना त्याच्या पाठीला चिकटून चालू लागली. तो थांबला की ती थांबे, तो वळला की ती वळे.

"ही मुलगी तुमच्या इतकी मागे का?" मॅडमनी विचारलं.

"सुरक्षा, मॅडम," मैना म्हणाली. "दाजींच्या मागं कुनीतरी पायजे, असा आमच्याकडं नियम हाय."

"आणि ती ढाल?"

"ती पन सुरक्षाच."

शेठ खोकू लागले. मॅडमनी टाकीचा जोड बोटानं तपासला, वाकून तळ पाहिला, मग शिडीकडे बोट केलं. "वरचं झाकण बघायचंय. तुम्ही पुढे चढा, मी मागून येते."

विश्वेशचा चेहरा कपड्यांच्या रंगाचा झाला. "नाही, नाही. आधी तुम्ही."

"मला उंचीची सवय नाही. तुम्ही आधी."

"मॅडम, माझा उपास आहे," विश्वेश म्हणाला. उपासाचा आणि शिडीचा काय संबंध ते त्यालाही सांगता आलं नसतं.

यशश्री मॅडमनी चष्मा काढला, ओढणीनं पुसला आणि पुन्हा लावला. मग त्या शेठकडे वळल्या. "गंगाधरराव, तुमच्या टाकीचं पॉलिश फार उत्तम आहे. आरशासारखं. मी आल्यापासून हे टाकीकडे पाठ करून आहेत ना, तर मला ढालीच्या कडेनं त्यांची मागची बाजू अगदी स्वच्छ दिसतेय. निळे पट्टे मोजतासुद्धा येतील."

मग सोमनाथला हसू आलं, मैनाला ते आवरेना, आणि शेवटी शेठ भिंतीला हात टेकून असे हसले की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मॅडम एवढंच म्हणाल्या, "झाकण मी चढून बघते. तुम्ही कपडे बदलून घ्या." आणि उंचीची सवय नसलेल्या त्या बाई सरसर शिडी चढून गेल्या.

टाकी पसंत पडली. पण विश्वेश गाडीत जाऊन बसला, कोरडी पॅंट घालून, काचा वर करून. शेठ दारात येरझाऱ्या घालत होते. जावई रुसून घरी गेला तर गोदावरीबाईंना काय तोंड दाखवायचं? शेवटी मैनाच चहा घेऊन गेली आणि काचेवर टकटक केली.

"दाजी, चुकलं. मी जरा लईच मन लावून घासलं."

विश्वेशनं काच खाली केली. तो रागावला असेल असं तिला वाटलं होतं, पण तो भलत्याच विचारात होता. "मैना, एक सांग. पॅंट एवढी वितळली. पण आतलं... म्हणजे आत जे होतं... त्याला साधा डागसुद्धा नाही. का?"

मैनानं ओठ घट्ट मिटले, कारण यावर हसणं बरं नव्हतं. "सुती असल ना."

"शंभर टक्के सुती," विश्वेश म्हणाला आणि त्यानं कपाळावर हात मारला. "अगं, आम्ही कापडवाले रोज धागा जाळून कापड ओळखतो! सुती धाग्याची राख होते, कागद जळल्याचा वास येतो. नकली धागा आक्रसतो आणि त्याची कडक गोळी होते. मला पोरवयापासून माहीत आहे."

"मंग ह्या कपड्याचा का नाय जाळला?"

"शाळेत कोण वेल्डिंग करतं?" विश्वेश कळवळून म्हणाला, आणि मग दोघंही एकदम हसली.

दुसऱ्या दिवशी तो मैनाला घेऊन भद्रकालीतल्या कापडबाजारात गेला. खिशात आगपेटी होती. पहिल्या दुकानात त्यानं जाड कापडाच्या ताग्याचा धागा उपसला आणि गल्ल्यासमोरच पेटवला. गोळी झाली. "शुद्ध कॉटन म्हणता ना?" विश्वेशनं विचारलं. दुकानदार म्हणाला, "साहेब, थोडं मिक्स असतंच." दुसऱ्या दुकानातही गोळी. तिसऱ्यात पोचेपर्यंत गल्लीत बातमी गेली होती की एक जण माचिस घेऊन फिरतोय. त्या दुकानदारानं पाण्याचा तांब्या हाताशी ठेवूनच विचारलं, "काय दाखवू?" त्याच्याकडच्या जाड ड्रिल कापडाचा धागा मात्र भुरुभुरु जळाला आणि चिमटीत त्याची राख झाली. मैनानं ते कापड मुठीत आवळलं, नखानं खरवडलं, उजेडात धरलं. उजेड आरपार आला नाही.

"हेच," दोघं एकदम म्हणाली.

शिलाईवरून मात्र भांडणं झाली. मैनाला दुमड नको होती, खिशांवर झाकणं हवी होती, पॅंट बुटांवरून खाली आलेली हवी होती. ते विश्वेशनं मान्य केलं. पण गुडघ्यावर दुहेरी कापड हवंच, असं तो म्हणाला. मैनाला ते नुसतं ओझं वाटत होतं. "तुम्ही दिवसभर गुडघ्यावर बसता, मी पाहिलंय. पोरांच्या चड्ड्या आधी कुठून जातात ते मला विचार," तो म्हणाला, आणि तिनं हट्ट सोडला, कारण बापाच्या त्या खाकी पॅंटचे गुडघे खरंच विरत आले होते. रंगावरून तर रिक्षात बसेपर्यंत वाद चालला. शेवटी गडद निळा ठरला.

तेवढ्यावर थांबेल तर तो विश्वेश कसला? त्याला धागे जाळायचं व्यसनच लागलं. त्यानं शेठच्या केबिनच्या पडद्याचा धागा जाळला, सोमनाथच्या गमछ्याचा जाळला, बायकोच्या, सायलीच्या, पर्सचा पट्टा जाळायला निघाला तेव्हा तिनं त्याला माहेरच्या माणसांसमोरच दटावलं.

आणि मग धोंड्याच्या जेवणाचा दिवस आला. पाटाभोवती रांगोळी, ताटात पुरणाचे धोंडे, शेजारी अनारसे. गोदावरीबाई ठेवणीतली पैठणी नेसून, निरांजन घेऊन जावयाला ओवाळायला आल्या. ही पैठणी शेठनी लग्नाच्या वाढदिवसाला खास येवल्याहून आणलीय असं बाई सगळ्यांना सांगत, आणि ती कुणाला हातसुद्धा लावू देत नसत. ओवाळताना त्या वाकल्या, आणि पदराच्या टोकाशी सुटलेला एक धागा विश्वेशच्या नाकासमोर आला.

"मामी, धागा सुटलाय," तो म्हणाला. त्याचा हात आपोआप पुढे गेला, धागा तुटला आणि निरांजनाच्या ज्योतीत गेला.

"जावईबापू, अहो पैठणी आहे ती!"

"रेशीम जळलं की केस जळल्यासारखा वास येतो आणि राख..." विश्वेश शिकवायला लागला आणि मध्येच थांबला. त्याच्या बोटांत एक काळी, चकचकीत, कडक गोळी होती.

सायलीनं गोळीकडे पाहिलं. गोदावरीबाईंनी गोळीकडे पाहिलं, मग सावकाश नवऱ्याकडे. शेठ अनारशावरची खसखस न्याहाळत होते.

"येवल्याला कधी गेला होता म्हणालात?" बाईंनी विचारलं.

"ते... रस्त्यात फार ट्रॅफिक होतं गं," शेठ म्हणाले. "तर एका सेलमध्ये..."

बाई आत गेल्या, साधी सुती साडी नेसून बाहेर आल्या आणि त्यांनी जावयाला दुप्पट आग्रह करकरून वाढलं. शेठना कुणी आग्रह केला नाही. त्यांनी आपलं तूप आपणच वाढून घेतलं.

शेठना दुसऱ्याच दिवशी येवल्याला जावं लागलं. पुढे जावई, खिशात आगपेटी. मागे गोदावरीबाई, मांडीवर ती पैठणी. गाडी निघायच्या आधी शेठनी वर्कशॉपमध्ये फोन केला. "मैना, आज सगळं तूच बघ. मी कधी येईन सांगता येत नाही."

"शेठ, मनमाडहून कपडे आलेत," मैना म्हणाली.

"मग घाला की!"

तिनं गाठोडं सोडलं. तिचा जोड वेगळा बांधलेला होता. पुरुषाचं माप कापून लहान केलेलं नव्हतं, विश्वेशकडे मुलींच्या शाळांचे गणवेश शिवणाऱ्या शिंपिणीनं बाईच्या अंगाला बसेल असा बेतून शिवला होता. बाह्या मनगटाशी घट्ट, कंबर कंबरेला. तिनं तो चढवला, वाकून पाहिलं, उकिडवं बसून पाहिलं, हात वर करून पाहिले. कुठे ताणत नव्हतं, कुठे फुगत नव्हतं.

सोमनाथ आपल्या खिशाच्या झाकणाशी झटापट करत होता. "तंबाखू काढायची तर आता दोन बटणं," तो कुरकुरला.

"बरंच झालं. निम्मी खाशील."

तिनं काच ओढली आणि नव्या चौकटीचा पहिला जोड लावायला घेतला. लाल थेंब उडाले. एक टपोरा थेंब तिच्या मांडीवर पडला, जाड निळ्या कापडावरून घरंगळत गुडघ्यापर्यंत आला, दुहेरी कापडावरून टणकन उडाला आणि फरशीवर जाऊन काळा झाला. मैनानं काच वर करून मांडीकडे बघितलं. बारीकसा तपकिरी ठिपका होता, एवढंच.

"काय गं, जळलं का?" सोमनाथनं विचारलं.

"नाय," ती म्हणाली. "पन दाजींना सांगू नको. नायतर धागा बघायला येतील आगपेटी घिऊन."